कुलूप, किल्ली आणि साक्षीदार

माझ्या छंदाचे नाव घेतले की ऐकणाऱ्याचा हात नकळत आपल्या खिशाकडे जातो, असा माझा अनुभव आहे. कोणी नाणी जमवतो, कोणी गड चढतो, कोणी सवाई गंधर्व महोत्सवात रात्री जागवल्याच्या आठवणी सांगतो; त्या सर्वांकडे लोक कौतुकाने पाहतात. मी मात्र “मला किल्लीवाचून कुलुपे उघडण्याचा नाद आहे,” असे म्हटले की क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी हसून म्हणते, “बरे झाले सांगितलेस!” त्या हसण्यात थोडी भीती मिसळलेली असते. ही भीती अगदीच अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही. किंबहुना तिच्याविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत. पण त्याआधी या नादात एवढे आहे तरी काय, ते सांगायला हवे.

माझी सुरुवात एका हरवलेल्या किल्लीने झाली. आजीच्या जुन्या पेटीला लावलेले पितळी कुलूप घेऊन मी रविवार पेठेतल्या एका किल्लीवाल्या काकांकडे गेले. रस्त्याच्या कडेला छत्री, छत्रीखाली लाकडी खोके, खोक्यावर कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे आणि दोन-तीन कानशी, एवढाच त्यांचा संसार. त्यांनी कुलूप हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि परत माझ्याच हातात दिले.

“कुणाचं आहे?”

“आमचंच. आजीच्या पेटीचं.”

“मग ताई, पेटी इथं आणा. नाहीतर आजीला आणा.”

मला तेव्हा राग आला होता. रिक्षा करून पेटी आणली, बरोबर आजीही आली. मग काकांनी एक वाकवलेली पट्टी आणि एक बारीक तार काढली, मान किंचित कलती केली आणि रस्त्यावरच्या एवढ्या गोंगाटात जणू कुणाचे कुजबुजणे ऐकावे तसे ते ऐकू लागले. मिनिटभरात कडी सुटली. आजीला पेटीतले सामान मिळाले आणि मला नाद लागला.

आता कुलपाच्या पोटात काय असते ते पाहू. आपल्याकडच्या पुष्कळ कुलुपांवर ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असे कोरलेले असते. लिव्हर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पातळ धातूच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीला एक खाच असते आणि प्रत्येक पट्टी किल्लीच्या एकेका दाताने ठरावीक उंचीवर उचलली जाते. सगळ्या खाचा एका ओळीत आल्या म्हणजेच बोल्टाला जोडलेली खुंटी त्यांतून सरकते आणि कुलूप उघडते. एखादी पट्टी कमी उचलली तर उपयोग नाही आणि जास्त उचलली तरी उपयोग नाही. ‘जास्तही नको’ ही सुधारणा रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ साली केली. पुढे १८१८ मध्ये जेरेमाया चब याने तिच्यात एक गंमत घातली. कोणी उपरी तार घालून पट्टी फाजील उचलली की त्याचे कुलूप अडकून बसे. मालकाने आपली किल्ली घातली की ती नीट फिरत नसे आणि त्याला कळे की आपल्या मागे कोणीतरी येऊन गेले. म्हणजे हे कुलूप नुसते अडवत नसे, चुगलीही करत असे! आपल्याकडे आर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली मुंबईत लालबागला कुलुपांचा कारखाना काढला, आणि उत्तरेत अलीगढ हे कुलुपांचे गावच झाले. आपल्या घरांच्या कड्या-कोयंड्यांत आज लटकणारी बरीचशी कुलुपे या लिव्हरांच्याच कुळातली आहेत.

दुसरे कूळ पिनांचे. लायनस येल (धाकटा) या अमेरिकनाने १८६० च्या दशकात त्याला आजचे रूप दिले. कल्पना मात्र प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलुपांइतकी जुनी आहे. फ्लॅटच्या दाराला जे लॅच असते त्यात एक गोल गाभा असतो. गाभ्यात आणि त्याच्या भोवतालच्या घरात मिळून बहुधा पाच उभी भोके, प्रत्येक भोकात दोन तुकड्यांची एक पिन आणि वरून दाबणारी स्प्रिंग. किल्ली नसताना पिना गाभा आणि घर यांच्या सीमेवर आडव्या आलेल्या असतात, म्हणून गाभा फिरत नाही. योग्य किल्ली घातली की पाचही पिनांचे जोड बरोबर त्या सीमेवर येतात आणि गाभा मोकळा होतो.

मग किल्लीवाचून ते उघडते कसे? उत्तर फार सुंदर आहे. जगात कोणत्याही यंत्राला पाच भोके तंतोतंत एका रेषेत पाडता येत नाहीत. केसाच्याही अंशाइतकी चूक राहतेच. त्यामुळे गाभा हलकेच फिरवून धरला तर पाचही पिना एकदम अडत नाहीत, आधी एकच अडते. ती कोणती, हे शोधायचे. ती सीमेवर आली की ‘टिक्’ असा भास होतो, गाभा एक कणभर सरकतो आणि मग दुसरी अडते. म्हणजे पाच पिनांचे कोडे एकदम सोडवावे लागत नाही. कारागिराच्या चुकीमुळे ते एकेक पिन करून सोडवता येते. कुलूप उघडणारा कुलपाशी झुंजत नाही. तो ते करणाऱ्या हाताच्या चुका वाचतो.

‘वाचतो’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. माझी एक मैत्रीण मोडी शिकते. न उचललेल्या बोरूने लिहिलेली ती सलग ओळ पाहून आधी काहीच कळत नाही, असे ती सांगते. मग एखादे अक्षर ओळखू येते, त्यावरून शेजारचे, त्यावरून शब्द. कुलपाचेही तसेच आहे. फरक इतकाच, की इथे डोळ्यांचा उपयोग नाही. सगळे बोटांच्या टोकांवर चालते. जोर लावला की गेलेच. सुरुवातीला मी चार-चार तास एकाच कुलपापुढे बसले आहे. बोटे आंबतात, मान अवघडते, आणि हात सैल सोडून कंटाळून पुन्हा लावावा तर ते कुलूप एकदम उघडते! अशा वेळी होणारा आनंद परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा मला झालेला नाही. (प्राध्यापक मंडळींनी क्षमा करावी.)

हळूहळू आम्ही पाच जण झालो. एकजण तंत्रनिकेतनात शिकतो, एकजण बँकेत आहे, एक गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत, चौथी माझी ती मोडीवाली मैत्रीण. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जायचे. गंजक्या पाना-पकडींच्या ढिगात किल्ली हरवलेली कुलुपे पडलेली असतात. ती कुणालाच नको असतात, म्हणून स्वस्त मिळतात. घरी आणून रॉकेलमध्ये भिजवायची, घासायची, उघडायची आणि मग खोलून आत काय होते ते पाहायचे. बाजारात नाकारलेल्या वस्तूंकडे असे पाहण्याची दृष्टी पुण्याला नवी नाही. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दरवाजे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने उभे केलेले ते संग्रहालय १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केले. आमचा संग्रह एका खोक्यात मावतो, पण घराणे तेच, असे आम्ही आपले समजतो.

आमचे दोनच नियम आहेत. पहिला, जे कुलूप आपले आहे किंवा ज्याच्या मालकाने परवानगी दिली आहे तेच उघडायचे. दुसरा, जे कुलूप एखाद्या दाराला वा कपाटाला प्रत्यक्ष वापरात आहे त्याला हात लावायचा नाही, मग ते आपले स्वतःचे का असेना. कारण तार अडकून कुलूप बिघडले तर दाराबाहेर आपणच राहतो. हे नियम आम्ही शोधलेले नाहीत. जर्मनीत १९९७ साली हॅम्बुर्ग येथे हौशी मंडळींनी या खेळाची रीतसर संस्था काढली. नेदरलँड्समध्ये ‘टूल’ नावाची संस्था निघाली आणि तिच्या शाखा पुढे इतर देशांत पसरल्या. तिथे स्पर्धा होतात, सारखी कुलुपे वाटून घड्याळ लावले जाते, आणि हरलेला जिंकलेल्याला “तू ते कसे केलेस?” असे तिथल्या तिथे विचारतो. लास व्हेगासला भरणाऱ्या डेफ कॉन या संगणक-सुरक्षेच्या संमेलनात तर कुलुपांसाठी वेगळे दालन असते. या सर्व ठिकाणी नियम जवळपास हेच.

हे सगळे ठाऊक असूनही गेल्या वर्षी मी चुकले.

आमच्या मजल्यावर समोर एक काकू राहतात. दुपारी त्या कामाला जाताना किल्ली आमच्याकडे खिळ्याला अडकवून जात आणि त्यांची मुलगी शाळेतून आली की ती घेई. एके दिवशी सुट्टी असल्याने त्या घरीच होत्या. कचरा ठेवायला बाहेर आल्या आणि वाऱ्याने दार धाडकन लागले. किल्ली आत, गॅसवर दूध, जिन्यात चिटपाखरू नाही. त्या अगदी रडकुंडीला आल्या होत्या. मी घरात जाऊन माझी पट्टी आणि तार आणली. अडीच मिनिटांत दार उघडले. दूध उतू गेले होते, पण तेवढेच. काकूंनी माझे हात हातात घेतले. मला आकाश ठेंगणे झाले.

चार दिवसांनी त्यांच्या दाराला नवे कुलूप लागले. त्यानंतर किल्ली आमच्या खिळ्यावर आली नाही. काकू बोलायच्या थांबल्या नाहीत. वाटीभर खीरसुद्धा आली. पण त्यांची मुलगी शाळेतून आली की दप्तर मांडीवर घेऊन जिन्यात आईची वाट पाहत बसू लागली. मी “आत ये,” म्हटले की म्हणे, “नको, आईने इथेच थांबायला सांगितले आहे.”

मी रविवार पेठेत काकांकडे गेले आणि सगळे सांगितले. मला वाटले, ते म्हणतील, लोक कृतघ्न असतात. त्यांनी कानस खाली ठेवली आणि विचारले,

“उघडलंस ते ठीक. कुणासमोर उघडलंस?”

“कुणी नव्हतंच ना जिन्यात.”

“तेच तर. पोरी, मी तीस वर्षं लोकांची दारं उघडतोय. आधी शेजारचे दोघं बोलावतो. नाव विचारतो, लाइटचं बिल बघतो. दार उघडलं की मी पायरीवर बसतो. मालकानं आधी आत जायचं. साबणावर ठसा उठवून किल्ली करायला कुणी आला तर हाकलून देतो. दार काय, कुणीही उघडील. चार माणसांदेखत उघडलं, म्हणून मी किल्लीवाला.”

त्या वाक्यावर मी अनेक दिवस विचार केला, आणि कला शाखेची विद्यार्थिनी असल्यामुळे साहजिकच मला शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आठवले. तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडतो. तो सुशिक्षित ब्राह्मण आहे. चौर्यशास्त्रातील भोकांचे प्रकार त्याला मुखोद्गत आहेत. मापाची दोरी विसरल्यावर तो जानव्याने माप घेतो आणि जानव्याचे उपयोग सांगताना, यंत्राने घट्ट लावलेले दार उघडायलाही ते कामी येते, असे म्हणतो. आमच्या तारेचा इतका जुना पूर्वज दुसरा माझ्या माहितीत नाही! आणखी मौज अशी, की उद्या सकाळी नगरातले लोक आपले कसब पाहून थक्क होतील याची त्याला काळजी आहे, आणि चारुदत्त जागा होऊन खरोखरच त्या भोकाचे कौतुक करतो. शर्विलकापाशी कला आहे, अभ्यास आहे, अभिजात रुची आहे. प्रेक्षकही त्याला हवे आहेत, पण काम झाल्यावर, तो स्वतः तिथे नसताना.

याउलट आल्फ्रेड हॉब्जची गोष्ट पाहा. लंडनमधील पिकॅडिली येथे जोसेफ ब्रॅमा याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेले असे. ब्रॅमाने त्याचे पेटंट १७८४ मध्ये घेतले होते. हे कुलूप उघडणारे हत्यार जो करील त्याला २०० गिनी बक्षीस, अशी पाटी कित्येक वर्षे तिथे झळकत होती. १८५१ साली लंडनला जागतिक प्रदर्शन भरले, त्यासाठी अमेरिकेहून हॉब्ज आला. त्याने आधी चबचे ते चुगलखोर कुलूप साक्षीदारांसमोर २५ मिनिटांत उघडले. मग ब्रॅमाच्या वारसांना रीतसर पत्र लिहिले. पंचांची समिती नेमली गेली, अटी ठरल्या, आणि १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून त्याने तेही उघडले. वादावादी झाली, पण पंचांनी निर्णय दिला आणि पैसे द्यावे लागले.

शर्विलक आणि हॉब्ज यांच्या हातांत फारसा फरक नाही. हत्यारे तीच, बोटांची समज तीच. फरक आहे तो पंचांचा. आपला कायदाही हा फरक ओळखतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत, अतिक्रमणासाठी कुलूप उघडून आत शिरणे ही घरफोडी मानली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसेच आहे. आणि १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या १२२ व्या कलमानुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात सबळ कारणावाचून घरफोडीचे हत्यार जवळ बाळगणारा माणूस दोषी ठरतो. कायद्याला तारेइतकेच तारेभोवतीच्या अंधाराचे वावडे आहे.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो आमच्याच महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनी मला विचारला होता: हे ज्ञान पसरवावेच कशाला? चोराच्या हाती किल्ली देण्यासारखे नाही का ते? हॉब्जलाही १८५१ मध्ये हेच विचारले गेले. १८५३ साली चार्ल्स टॉमलिन्सन याने संपादित केलेल्या कुलुपांवरील इंग्रजी पुस्तकात त्याचे उत्तर आहे. त्याचा आशय असा, की चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात, त्यांना हे सारे आधीच ठाऊक असते. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा भला माणूस. खरोखरच हॉब्जच्या त्या प्रतापानंतर इंग्रज कारखानदारांना आपली कुलुपे सुधारावी लागली.

पण माणसाचा स्वभाव दोष सांगणाऱ्यालाच दोषी धरण्याचा असतो. पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन अणुबाँबच्या प्रकल्पावर काम करत असताना सहकाऱ्यांची तिजोरीवजा कपाटे गंमत म्हणून उघडत असे. ओक रिज येथे त्याने एका कर्नलला दाखवून दिले, की कपाट उघडे ठेवले तर त्याच्या कुलपाचे आकडे काढता येतात, तेव्हा कपाटे बंद ठेवायला सांगा. कर्नलने फर्मान काढले ते असे: फाइनमन तुमच्या खोलीत येऊन गेला असेल तर आपापले आकडे बदला! हे वाचले तेव्हा मी पोट धरून हसले होते. समोरच्या दाराला नवे कुलूप लागले तेव्हा हसू आले नाही.

मात्र काकांचे बोलणे ऐकल्यावर मला कर्नलपेक्षा फाइनमनची चूक अधिक दिसू लागली. एकट्याने, कुणाच्या गैरहजेरीत कपाट उघडून नंतर चकित करणे हे शेवटी शर्विलकाचेच वळण. काकूंच्या बाबतीत मी त्यांच्या देखतच दार उघडले होते, हे खरे. पण माझ्याजवळ ही विद्या आहे, ती मी कुठे वापरते आणि कुठे वापरत नाही, हे त्यांना त्या दिवसापर्यंत मी कधी सांगितले नव्हते. वर्षभर मी दार लावून, जणू चोरून, माझा छंद करत होते. आणि तो त्यांना दिसला तो एकदम, त्यांच्याच दारात.

म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही पाच जणांनी आमच्या जिन्यातच सतरंजी टाकली. खोकेभर कुलुपे मांडली, एक लॅच उभे कापून पिना दिसतील असे ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावले. मुलांनी गर्दी केली. एका आजोबांनी अर्ध्या तासात एक तीन लिव्हरचे कुलूप उघडून आम्हांलाच थक्क केले. काकू बराच वेळ लांब उभ्या होत्या. मग त्यांनी आपले नवे कुलूप आणून माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, “हे चांगले आहे का गं?” मी पाहिले आणि खरे ते सांगितले, की आधीच्यापेक्षा चांगले आहे, मला पाऊण तास तरी लागेल. त्या म्हणाल्या, “म्हणजे उघडेलच.” मी म्हटले, “हो. कुलूप चोराला थांबवत नाही, काकू. त्याला वेळ लावते. त्या वेळात शेजाऱ्यांनी पाहायचे असते.”

त्या काही बोलल्या नाहीत. महिन्याभराने त्यांना तातडीने गावी जावे लागले. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आमच्या खिळ्याला त्यांच्या नव्या कुलपाची किल्ली लटकत होती. मला त्या किल्लीची गरज नाही, हे काकूंना आता पुरते ठाऊक आहे. तरी ती त्यांनी ठेवली होती.